न मिरवलेली जोडी

शनिवार, ६ ऑक्टोबर २०१८

प्रिय अंजू,

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही. फोनवर तू विचारलंस की "लिहायला घेतलंय" म्हणत राहिलो. माफ कर. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. रोज सकाळी डायरी लिहायला मला वेळ मिळतच होता. तू मागितलेलं थोडकं होतं: आपल्या चारा संस्थेचं यंदाचं काम कसं झालं, ते दोन परिच्छेदांत. तुमच्या जिनिव्हाच्या कचेरीच्या मार्गदर्शिकेत, दुष्काळ अंगावर येण्याआधीच मदत कशी पोचवावी या प्रकरणात आपल्या गावाचं पान जाणार आहे, आणि महिनाअखेरीला निरनिराळ्या देशांची माणसं बसून ते कायम करणार आहेत. ते दोन परिच्छेद मी लिहिले होते. त्यात खोटं काही नव्हतं. तरीही ते पाठवायला हात होईना. का होईना, हे मला स्वतःलाच नीट कळेपर्यंत महिना गेला.

आधी इकडचं सांगतो. पाऊस मृगात येऊन गेला, मग श्रावणात एकदा तोंड दाखवलं, त्यानंतर नाहीच. कपाशी गुडघ्याच्या वर गेली नाही. बाजरी कणसात आली पण कणसात दाणा नाही, ती तशीच कापून जनावरांपुढे टाकली. आडाचं पाणी आता हंड्याला माती घेऊन येतं. तुझी वहिनी बरी आहे. तू पाठवलेली शाल तिनं एकदा पांघरून बघितली आणि "आष्टीच्या उन्हात ही कुठं पांघरू, माझं मलाच हसू येतं" म्हणून पेटीत ठेवली. अधूनमधून काढून बघते, मला दिसत नाही असं तिला वाटतं. गावात ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावायला सुरुवात झाली आहे. दसऱ्यानंतर गाड्या निघतील, आणि दिवाळीला गावात म्हातारी माणसं, पोरं आणि आम्ही नोकरीवाले एवढेच उरू.

संस्थेचं काम खरंच चांगलं झालं. पूर्वी चारा छावणी उघडायची ती लोकांची जनावरं विकून झाल्यावर. तुला आठवत असेल, आपल्या लहानपणी छावणीत बांधलेली निम्मी जनावरं पाहुण्यांकडून उसनी आणलेली असायची. यंदा श्रावण संपत आला तरी पाऊस ठरल्या खुणेच्या खालीच राहिला, तसे तुमच्याकडचे पैसे आपोआप संस्थेत आले, कुणाला अर्ज करावा लागला नाही, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारुतीपुढे कडब्याचा पहिला ट्रक उभा राहिला. ऊसतोडीला जाणाऱ्या घराला बैल सांभाळायचे असतात ते पोळ्यापासून गाडी जुंपेपर्यंतच. एकदा कारखान्याच्या फडात पोचले की उसाचे शेंडे आहेतच. एवढ्या मधल्या काळासाठीच दरवर्षी जोड्या मातीमोल जायच्या. यंदा आपल्या गावातून एकही जोडी बाजारात गेली नाही, असं मी त्या दोन परिच्छेदांत लिहिलं होतं. लिहिलं त्या दिवशी ते खरं होतं.

मोजणीचा नियम तुझा. तो तुला कुठून सुचला हे मी बैठकीत कधी सांगितलं नाही, पण मला ठाऊक आहे. पोळ्याला पोरींना मिरवणुकीत घेत नसत, म्हणून तू माळवदावर बसून वेशीतून येणारे बैल मोजायचीस, आणि खालून आश्रुबातात्या त्यांच्या जोडीच्या शिंगांचे गोंडे हलवून ओरडायचे, "अंजे, आमचे धरले का बे?" बायकापोरींनाही 'बे' म्हणणारा गावात तो एकच माणूस. तू मोठी झालीस, जगभरचे दुष्काळ बघितलेस, आणि मदत वाटताना खोट्या नोंदी कशा टाळाव्या हा प्रश्न आला तेव्हा तुला ते माळवद आठवलं असणार. पोळ्याच्या दिवशी ज्याचे बैल त्याच्याच दावणीला असतात, सगळ्या गावासमोर येतात, कुणाला कुणाचे उसने आणता येत नाहीत. त्या दिवशी मोजायचे, आणि मग नाव घालायचं नाही, काढायचंही नाही. अध्यक्षाच्या मर्जीचा प्रश्नच नाही. मोहनराव अध्यक्ष असूनही त्यांना हा नियम आवडला, कारण दारात येऊन बसणाऱ्या सोयऱ्यांना त्यांना नाही म्हणावं लागत नव्हतं. मलाही आवडला. मी सचिव म्हणून मारुतीच्या पारावर उभा राहून यंदा मोजलं, तेव्हा मला फार स्वच्छ वाटत होतं. ते स्वच्छ वाटणं मला आता आठवतं.

भाद्रपद निम्मा सरला असेल. तुझी वहिनी दळण घेऊन आली आणि म्हणाली, "चतुराकाकूच्या गोठ्यातून आभाळ दिसायलंय." मी म्हणालो, छप्पर नवं करायचं असेल. गोठ्यावरचं उसाचं पाचट एका बाजूनं विरळ झालेलं मीही पाहिलं होतं. येताजाता पाहिलं होतं. ते काढतात आणि नवं घालतात, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. वहिनीनं पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "नवं पाचट कुठून आणतील? अजून कारखाने कुठं सुरू झालेत?"

मी पारावर मोजलेले बैल मनात पुन्हा वेशीतून आणले. गल्ली-गल्लीनं आणले. चतुराकाकूची, म्हणजे आश्रुबातात्यांची जोडी त्यात नव्हती. तात्या आषाढात गेले हे तुला फोनवर सांगितलंच होतं. वर्षाच्या आत ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात सण नाही. त्यांचे बैल रंगत नाहीत, वेशीत येत नाहीत, गोठ्यातच त्यांना घास देतात. आपल्या गावात हे लहान पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. म्हणूनच तर ती जोडी न आल्याचं मला खटकलं नाही. ती येणारच नव्हती. आणि त्या दिवशी त्या दारापुढून वाजंत्री थांबवून, मान खाली घालून आम्ही सगळे पुढे गेलो. आम्ही रीत पाळली. अंजू, आमचं चुकलं ते रीत पाळण्यातच, हे समजायला मला फार अवघड गेलं. तुलाही जाईल, म्हणून हे इतकं पाल्हाळ लावतोय.

मी काकूकडे गेलो. ती उंबऱ्यात बसून पाचटाच्या पेंढीतली कुजकी पानं निवडत होती, भाजी निवडावी तशी. मला बघून पेंढी पाठीमागे सरकवली. जोडीच्या बरगड्या दिसत होत्या. मी विचारलं, काकू, वाटा का मागितला नाही? ती म्हणाली, "पोळ्याचा वाटा तो. आमच्या दारात औंदा पोळाच न्हाई, मंग वाटा कशाचा?" ट्रक आला तेव्हा आम्ही त्याला हार घातला होता, पहिली पेंढी मारुतीला वाहिली होती. आम्हाला ती मदत होती. तिच्या दृष्टीनं तो सणाचा प्रसाद होता, आणि सण तिच्या घरी नव्हता. मी समजावून सांगायला लागलो तशी ती म्हणाली, "कळतं रं मला. मी काय खुळी हाय? पण मोजून झाल्यावर नाव घालायचं न्हाई, असं अंजीनं ठरवलंय म्हणं. माझ्यापायी तिच्या सायबांपुढं तिची मान खाली कशाला घालायची? तिकडं लई लांब एकटी हाय पोर." मग जरा हसून, "तात्या असते तर वेशीत बैल घालून शिव्या दिल्या असत्या तिला. मला तेवढं जमत न्हाई."

तुझ्यासाठी ती गप्प राहिली होती. छपराचं पाचट काढून बैलांना घालत होती आणि गप्प होती.

मी आमच्या वाट्यातल्या पेंढ्या पाठवल्या. तिनं परत लावून दिल्या. "तुझ्या बैलांच्या तोंडचं नको," असा निरोप. मोहनरावांनीही गुपचूप पाठवून बघितलं, त्यांच्याही परत आल्या. परवा राधाकिशन माझ्याकडे आला. तिचा थोरला. तो फार बोलत नाही, तुला माहीत आहे. म्हणाला, येत्या बाजारी जोडी आष्टीला नेतो. बैल गेले की गाडी गेली. मग तो आणि त्याची बायको नुसत्या कोयत्यावर जाणार, तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहणार. तिला पाचवा महिना आहे. हे त्यानं सांगितलं नाही, तुझ्या वहिनीनं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "दादा, तुमचा काही दोष न्हाई." हे ऐकायला फार कठीण असतं.

काल संस्थेची बैठक घेतली. तू असतीस तर मोहनरावांचा तुला राग आला असता, आणि मग पटलं असतं. ते म्हणाले, "एक नाव घातलं की उद्या साडूची बैलं आणून दावणीला बांधतील. परवा ज्याच्या घरी कुणीच मेलं न्हाई तोबी सुतक सांगत येईल. त्रिंबकराव, नियम तुमच्याच घरातून आलाय. मोडायचा तर तुमीच हात लावा." त्यांचं म्हणणं चूक नाही. उसन्या जनावरांवर पोसलेल्या छावण्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. माझ्या मानलेल्या काकूसाठी मी नियम वाकवतोय का, हेच स्वतःला विचारत होतो. तिच्या जागी मला न आवडणारं माणूस असतं तर मी इतका हललो असतो का?

शेवटी खालच्या आळीचा बंकट बोलला. गेल्या वर्षी त्याच्या घरी सण नव्हता. तो म्हणाला, मेलेल्या माणसाचं खोटं कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी गावात ते लपत नाही. दहाव्याला आपण सगळेच गेलेलो असतो. यावर मोहनरावांनीही मान हलवली. ठरलं ते असं: पोळ्याला वेशीत मोजायचं, ते तसंच राहील. पण त्याआधी गावात कुणाकडे यंदा सण नाही हे उघड विचारायचं, आणि त्या घरांच्या गोठ्यात दोन निरनिराळ्या आळ्यांच्या माणसांनी जाऊन मोजायचं. हे यंदाही लागू करायचं. मोहनरावांची एकच अट: अंजनाला आधी कळवा, मग बैलांना हात लावा. तुमच्याकडच्या लिखाणात "नंतर बदल नाही" असं आहे, आणि तिला ते दुसऱ्याच्या तोंडून कळू नये.

फोन करता आला असता. पण फोनवर तू माझं ऐकता ऐकताच उपाय सांगायला लागतेस, आणि मी हो म्हणतो. मला उपाय नको होता. म्हणून हे हातानं, डायरीच्याच पानांवर लिहिलं. तुझी भाची सकाळी फोटो काढून तुला पाठवेल. तुझी परवानगी मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. हे तुला पोचलं की लगेच आम्ही नियम मोडणार आहोत, आणि त्याचा हिशेब तुमच्या लोकांना मी सचिव म्हणून देईन. लिहिलं ते यासाठी की महिनाअखेरीला तू त्या पानावर बोलायला उभी राहशील. ते पान काढू नकोस. पोळाही काढू नकोस, त्यानं बाकीच्या गावाचं भलं झालं आहे. तुझ्या त्या देशांमध्येही काही सण असतील, बाजार असतील, सगळे जमतात असे दिवस असतील, आणि तिथंही माणसं त्या दिवशी मोजायला निघतील. त्यांना मोजण्याआधी एक प्रश्न विचारायला लाव: आज कुणाच्या दारात सण नाही? आणि तो आपल्या गावाला कुठून कळला, हे नावानिशी सांग, तुझी मान खाली जाईल म्हणून गप्प राहिलेल्या बाईच्या नावानं. मी काकूला सांगून ठेवलंय की तू सांगशील. ती म्हणाली, "सांगंल बी. तात्याच्या हाताखालची हाय."

तुझाच,
दादा

उद्या: बंकटला घेऊन काकूच्या गोठ्यात जाणे, आणि आश्रुबातात्यांची जोडी मोजणे.