पदरावरचा चुरा

निरवांगी. गुरुवार, संकष्टी, १९९६

मला साखर आहे हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. म्हणून आज उपास धरला, आणि सवयीनं सकाळी गुपचूप, उपाशीपोटीच, इन्सुलिनही टोचलं. एवढंही कळू नये, मास्तरीण म्हणे!

शाळा सुटल्यावर बारामतीहून येताना एसटीत हात थरथरायला लागले, अंग घामानं भिजलं. पर्समधला बिस्किटाचा पुडा हातात घेऊन नुसती बघत बसले. चंद्र उगवायच्या आधी कसं खायचं? शेवटी शेजारी बसलेल्या शुभांगीनं, माझ्या आठ वर्षांच्या पोरीनं, रडत रडत बिस्किटं माझ्या तोंडात कोंबली.

फाट्यावर उतरल्यावर तिनंच माझ्या पदरावरचा चुरा झटकला. "आजीला न्हाय सांगायची मी."

आत्ता चंद्रोदय झाला. सासूबाईंनी पहिला मोदक मला वाढला. "दिवसभर पोटात काय न्हाय हिच्या."

शुभांगी पटकन म्हणाली, "व्हय आजी, पाणीबी न्हाय प्याली."

इतकं सहज! कुठं शिकली ही?

पदराच्या काठात अजून चुरा आहे. "मला काय झालंय, बरी आहे की," असं मी सासूबाईंना रोज सांगते. तेव्हा शुभांगी तिथंच बसलेली असते.