सगळ्यांचे ओटीपी माझ्या फोनवर

मंगळ., ११ नोव्हें.
डिसेंबरात लॅबमधलं माझं कंत्राट संपतंय. साहेब म्हणतात "बघू". बघूचा अर्थ मला अजून लागलेला नाही. आज हैदराबादच्या एका औषध कंपनीचा मेसेज आला. डॉक्युमेंटेशनचं काम, घरून. उद्या ऑनलाइन मुलाखत. आईला इतक्यात सांगत नाही, ती लगेच आमच्या कापडे गावात पेढे वाटायला निघेल.

बुध., १२
सुट्टी टाकून मुलाखत दिली. बाई हिंदीत गोड बोलत होती. औषध तपासायच्या एचपीएलसी मशीनचं विचारलं, एक बॅच नापास का झाली तेही विचारलं. म्हणजे जाणकार असणार. ही नोकरी का हवी, तर मी म्हटलं, कामाला काही अर्थ हवा, नुसत्या सह्या मारायच्या नाहीत. ती म्हणाली, "व्हेरी गुड." मी खूश.

मग 'सिस्टीम चेक'साठी एक ॲप टाकायला लावलं. स्क्रीन काळी झाली. "हात मत लगाना." मधेच मेसेज वाजले, पाठोपाठ. ओटीपी असणार. ते काय, रोजचेच. वर मामाच्या गावी, कुडपणला, रेंज येते-जाते, म्हणून मामाने, ठकुआजीने, वाडीतल्या सात-आठ जणांनी सगळीकडे माझाच नंबर दिलाय. बँक, रेशन, पेन्शन. ओटीपी आला की कुणाचा तरी फोन येतो, मी आकडे वाचून दाखवते.
आज कुणाचाच फोन आला नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

गुरु., १३
जेवणाच्या सुट्टीत रेश्माला सांगितलं. ती आमच्याच लॅबमध्ये, महाडची, भाऊ कतारला. तिच्या हातातला डबा तसाच राहिला.
"कुनाचे होते ओटीपी?"
"बघितलं नाही गं."
"बघितलं नाय? आधी ते ॲप काढ. माझ्या भावाला पन असंच टाकायला लावलेलं."
काढलं. मेसेज शोधले तर कालचे पुसलेले. मी पुसले नाहीत. की सवयीने पुसले? आठवत नाही! सायबरच्या हेल्पलाइनला फोन केला. तिकडून प्रश्न, कुणाच्या खात्यातून गेले? माहीत नाही. किती गेले? माहीत नाही. गेले का? तेही माहीत नाही. "मॅडम, मग तक्रार कसली?" त्या माणसाचा राग आला. खरं तर तो बरोबर होता.

शुक्र., १४
पोलादपूरला बँकेत. अधिकारी भला वाटला. मी ज्यांची नावं सांगितली त्यांचं ऑनलाइन सगळं बंद केलं. पण आधी काय झालं ते खातेदारालाच सांगणार, मला नाही. "एका नंबरवर एवढी माणसं कशी हो?" आम्हाला कधी विचित्र वाटलंच नाही.
मामाचा फोन लागत नाही.
संध्याकाळी त्या बाईचा मेसेज. अभिनंदन, निवड झाली. सोबत ऑफर लेटर, शिक्का, सही. तरी मी ते तीनदा वाचलं. खरंच असलं तर? काय मूर्ख आहे मी.

रवि., १६
जीपने वर कुडपणला. नाचणीची झोडणी चाललेली. मामाला बाजूला घेऊन सांगायचं ठरवलं होतं, पण बाजूला कुणी राहतच नाही, सगळे जमले. सांगितलं. माझ्या फोनमध्ये कुणीतरी घुसलं होतं, मीच आत घेतलं, तुमच्या खात्यांचं काय झालं मला ठाऊक नाही.
मामाने झोडायची काठी खाली ठेवली. कुणीतरी म्हणालं, "आता नंबर कुनाचा द्यायचा?" मी म्हटलं, ज्याचा त्याचा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. फोन तरी किती जणांकडे आहे इथे.
शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
ठकुआजी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मंग ती नोकरी लागली का गो तुला?"
"नाय आजी. ती खोटी होती."
"मंग तू हितंच ऱ्हाशील. ऱ्हाऊ दे तुजाच नंबर."
मला रडूच आलं. तिला वाटलं, नोकरीसाठी.
उद्या सगळ्यांना घेऊन बँकेत. कुणाचं काय राहिलंय ते तिथे कळेल. आजीला अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हणता आलं नाही.