एका कानात झुमका

पलूस, शुक्रवार

आदरणीय खाला,

सलाम. तुमच्या गुडघ्यांना आराम असेल, खालूंची साखर ताब्यात असेल आणि आटपाडीत नळाला पाणी वेळेवर येत असेल, अशी आशा करतो. इकडे अम्मी बरी आहे, शेळी बरी आहे, मी सोडून सगळे बरे आहेत. फोन न करता पत्र का लिहितोय, असं तुम्ही विचाराल. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि आपलं बोलणं संपायच्या आत ते गल्लीच्या टोकाला पोचलेलं असतं. (मागे माझ्या पोटाची चौकशी करायला तुमच्या दूधवाल्याचा मला फोन आला होता.) डाळिंबं आणायला आकारामचा टेम्पो आज तुमच्याकडे निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. कृपा करून एकट्याने वाचा.

मुद्द्याचं आधी लिहितो, नाहीतर भीतीने राहून जाईल. शिरवळच्या तरन्नुमचं स्थळ तुम्ही आणलंत, तुमचे फार उपकार. परवा रविवारी तिच्या घरचे बोलणी पक्की करायला येताहेत. पण तुम्ही त्यांना मुलगा शिरवळला कंपनीत आहे असं सांगून ठेवलंय. होता, खाला! चौदा महिन्यांपूर्वी मी ती नोकरी सोडली आणि आता पूर्ण वेळ खणाच्या कापडाचे झुमके बनवतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. ईदेला तुम्ही तेच घालून फिरत होता. तरन्नुम मला मनापासून आवडली आहे (तुमच्या अमीरच्या लग्नात एकदाच बोललोय, पण बोललोय), आणि म्हणूनच एक प्रश्न छळतोय. तिने हो म्हटलं, तर ते मला म्हटलं की कंपनीला, हे मला आयुष्यभर कसं कळणार?

तुम्ही म्हणाल, झुमके बनवतो असं सांगितलं तर कोण मुलगी देईल. यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. माणूस दिवसभर घरात बसून मणी ओवतो म्हणजे तो रिकामाच आहे, असं सगळ्या गल्लीने ठरवून टाकलंय. शेजारच्या शालूबाई रोज सकाळी "झिशान, घरीच हायस न्हवं?" म्हणत येतात आणि गॅसची टाकी उतरवून घ्यायला मला बसवून जातात. माझ्याकडे पक्कड आहे हे कळल्यापासून लोक चष्मे, छत्र्या आणि एकदा तर कवळी घेऊन आले. सांगलीच्या प्रदर्शनात बायका झुमके हातात घेऊन खूश व्हायच्या, "कोण बनवतं?" विचारायच्या, मी "मीच" म्हटलं की "नाही, घरातलं कोण?" असं पुन्हा विचारायच्या. शेवटी अम्मीला पुढे बसवलं. तिला कुणीतरी कृती विचारली, तर म्हणाली, "बिस्मिल्ला म्हणते अन् सुरू करते, मंग हुतंय." तिचं ऐकून तिघींनी घेतले. माझी अवस्था मात्र अशी आहे, की फोन वाजला तर ऑर्डर रद्द झाली असणार म्हणून छातीत धस्स होतं, आणि नाही वाजला तर त्याहून जास्त होतं. एवढं असूनही सकाळी उठून पहिली तार वाकवली की मला बरं वाटतं. कंपनीत पाच वर्षांत एकदाही तसं वाटलं नव्हतं.

आता बुधवारी काय झालं ते ऐका. झुमका जड झाला तर कान ओढतो, म्हणून प्रत्येक नवा नमुना मी स्वतःच्या डाव्या कानाला चापाने लावून दोन तास कामं करतो. बुधवारचा नमुना चांगला लिंबाएवढा होता, हिरवा, खाली मोत्यांची झालर. तेवढ्यात कडी वाजली. शालूबाईच असतील म्हणून तसाच गेलो, आणि दारात तरन्नुमचे वडील, मौलाचाचा! ते पलूसला कुणाकडे तरी आले होते, तिथून न कळवता आमच्याकडे. ते माझ्या कानाकडे बघताहेत, मी त्यांच्या बुटांकडे. मागून अम्मी आली आणि काही विचार न करता म्हणाली, "कानात ठणका हाय त्याच्या. हकिमानं वजन बांधाय सांगितलंय." बिचाऱ्यांना वाटलं, मुलाला ऐकू कमी येतं. त्यानंतरचं सगळं ते शेतातल्या माणसाला हाक मारावी तसं ओरडून बोलले. "आज सुट्टी व्हय?" असं त्यांनी ओरडून विचारलं आणि मी, खाला, तेवढ्याच जोरात ओरडलो, "दुसरी पाळी हाय!" का ओरडलो, अल्लाला ठाऊक. "किती वाजता सुटती?" "अकराला!" चहा पिऊन ते "कानाला जपा" असं सांगून गेले. म्हणजे तुमचं एक खोटं होतं, त्याची आमच्या घरी तीन झाली. रविवारपर्यंत किती होतील याचा हिशेब मला झेपत नाही.

म्हणून हात जोडून विनंती, की आजच्या आज शिरवळला फोन करून त्यांना खरं काय ते सांगा. (स्पीकर बंद करून.) मला ते धाडस होत नाही. लहानपणापासून मी तुमच्यासमोर खोटं बोललेलो नाही, निदान तुम्ही तरी माझ्यासाठी बोलू नका.

तुमचा घाबरलेला भाचा,
झिशान

ता. क. १ : आकारामच्या टेम्पोचं चाक पंक्चर निघालं. तेवढ्या वेळात येरझाऱ्या घालून घालून मीच शिरवळला फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं : कंपनी नाही, पाळी नाही, कान ठणठणीत आहे.  मौलाचाचा हळू आवाजात म्हणाले, "आरं बाबा, त्याच कंपनीच्या गेटवर मी सिक्युरिटीला हाय. तुजा फोटू आला तवाच वळाकलं. तुमच्या घरातलं खरं कोण बोलतंय, तेवढंच बघत हुतो." पाच वर्षं रोज ज्या माणसापुढे ओळखपत्र धरलं, त्याच्या तोंडाकडे मी एकदाही नीट बघितलं नव्हतं. फार लाज वाटली, खाला. ते मात्र म्हणाले, "राजीनामा दिऊन निघालास त्या दिवशी गेटाला बी सलाम ठोकलास. एवढ्या खुशीत तिथनं भाईर पडल्याला मी दुसरा न्हाई बघितला. माझ्या पोरीला खुशीतला मानूस पायजे." मग मागून तरन्नुमने काहीतरी विचारायला लावलं. "ती इचारती, परत कंपनीत जानार न्हाई न्हवं?" मी ठासून सांगितलं, कधीच नाही.

ता. क. २ : आता खरं काम. मागच्या सोमवारी तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा अमीरजवळ एक पांढरं पाकीट दिलंय. त्यात 'मला नोकरीवर परत घ्यावे' असा माझा अर्ज आहे, तुमचं खोटं खरं करायला लिहिलेला. येत्या सोमवारी अमीर माल घेऊन शिरवळला जाईल तेव्हा कंपनीच्या गेटवर देणार आहे. गेटवर कोण बसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अमीर फोन उचलत नाही. पाकीट त्याच्या निळ्या बॅगेत आहे, ते काढून फाडा. उघडू नका, कारण नोकरी सोडण्याचं कारण म्हणून मी 'मावशी अत्यवस्थ असल्यामुळे' असं लिहिलंय. माफ करा. रविवारी त्यांचा होकार आला तरच फाडा, असं आधी लिहिलं होतं, ते वर खोडलंय, वाचता येत असेल तर वाचू नका. आकाराम हॉर्न देतोय. आजच फाडा खाला, होकार येवो न येवो.