आरोपीच्या खुर्चीसमोर बाबा

प्रिय बाबा,

मुक्ताला परदेशातला फोटोग्राफीचा मोठा पुरस्कार मिळाला आहे आणि ती तो नको म्हणत होती. उद्या तिला उत्तर कळवायचं आहे. असल्या प्रकरणात विरोधी वकील नेहमी तुम्ही असायचे. आता तुम्ही नाही, म्हणून हे पत्र.

आठवतं ना? मोठमोठे जागतिक पुरस्कार जाहीर झाले की अकोल्यातल्या आपल्या ओसरीवर खटला भरायचा. पेपरातला विजेत्याचा फोटो कापायचा आणि खुर्चीवर तांब्याला टेकवून ठेवायचा. तो आरोपी. मी आणि मुक्ता त्याचे वकील. तुम्ही कोर्टातून आल्या आल्या, कोटही न उतरवता, त्या बिचाऱ्यावर तुटून पडायचे! शांततेचं बक्षीस असो की विज्ञानाचं, तुमचा प्रश्न ठरलेला.

"ह्याले भेटला ते सोड. ज्याले नाई भेटला तो कोन हाये, ते सांग!"

आम्हाला ते कधीच सांगता यायचं नाही. मग तुम्ही खुशीत आईकडे दुसरा चहा मागायचे. खरं सांगू? मला राग यायचा तुमचा. जगात एकही माणूस लायकीवर पुढे जात नाही का हो? निदान एकदा तरी कुणाला 'पात्र' म्हणायचं होतं!

मुक्तानं काढलेला बक्षिसाचा फोटो अशाच एका खटल्याचा आहे. तुमच्या आजारपणातला, शेवटचा. पायजम्यावर काळा कोट, तोही अंगावर लोंबणारा. गळ्याशी वकिलाचा पांढरा बँड. बोट रोखलेलं, आणि समोर तांब्याला टेकलेला कागदाचा माणूस. बाकी फोटोत कोणीच नाही. परीक्षकांनी त्यात म्हातारपणाचा एकटेपणा पाहिला, आणि तसं लिहूनही पाठवलं.

एकटेपणा! अहो, कॅमेऱ्यामागे अख्खी ओसरी भरलेली होती. शेजारच्या काकू तर हसता हसता जिन्यावर बसल्या होत्या.

रविवारी मुक्ता अमरावतीहून आली. येताना तिथला दह्यातला गिला वडा आणला, पण स्वतः खाल्ला नाही.

"दादा, बाबा कुठं एकटे होते? सारं घर हासून राहिलं होतं. त्यायनं भलतंच पायलं आन् बक्षीस देऊन टाकलं. कायले घेऊ मी?"

मी सवयीनं तिचा वकील झालो. म्हटलं, परीक्षक चुकले म्हणून फोटो वाईट ठरतो का? यावर तिनं मला तुमच्याच पद्धतीनं गाठलं.

"आन् ज्याच्या फोटोत खरंच एकटा मानूस असन, त्याले नाई भेटला. त्याचं काय?"

तुम्ही असते तर टाळी वाजवली असती.

तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. इतके खटले झाले, पण तिचं मत आपण कधी विचारलं का, बाबा? चहा तेवढा मागितला. तिनं मुक्ताचा मोबाइल घेतला आणि तो फोटो बराच वेळ पाहत राहिली.

"तुमी हासून राहिले होते," ती म्हणाली. "कोट मी घालून देल्ला होता त्यायले. बटन लावता लावता मले म्हने, हा खटला शेवटचा हाये, पोराईले सांगू नोको. हासू दे म्हने त्यायले."

मुक्ता उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"एकटेच होते ते," आईनं मोबाइल मुक्ताच्या हातात दिला. "तुले तवा नाई दिसलं. तुह्या फोटोले दिसलं. घे तू."

मुक्ता रडली. मीही रडलो. आम्हाला का नाही सांगितलं, बाबा? हसणं थांबेल म्हणून? थांबलं असतं तर थांबलं असतं! जरा जवळ येऊन बसलो असतो.

मुक्ता पात्र आहे की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. इतक्या लांबून परक्या लोकांना जे दिसलं, ते ओसरीवर बसून मला दिसलं नाही, एवढं मात्र खरं.

उद्या ती होकार कळवते आहे. तिचा फोटो पेपरात आला की मी तो कापून तांब्याला टेकवणार. विरोधी वकील मी होईन आणि तुमचा प्रश्न तसाच विचारीन, बहीण म्हणून सूट नाही. न्यायाधीश आई. चहा मी करीन. आणि सगळे हसायला लागले की एकदा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघेन, हे वचन देतो.

तुमच्यासमोर एकही खटला न जिंकलेला,
सुधीर