लाल लागलेलं हलवायचं नाही

बुधवार, ४ मार्च

कालच्या नोंदीत दुरुस्ती. काल मी लिहिलं की दादाने मला शिफ्टिंगचं इन-चार्ज केलं. हे तंतोतंत खरं नाही. त्याचे शब्द असे होते: मूव्हर्सचं ते सगळं तूच बघ, मला वेळ नाही. अर्थ तोच. पण शब्द बरोबर हवेत. बाबांनी मला अक्षर गिरवायच्या आधी मेणात दात बसवायला शिकवलं, आणि तेव्हाच बजावलं होतं की केसाएवढी चूकसुद्धा तोंडात टोचते.

आमची दातांची लॅब नव्या जागेत जाणार. डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचं, आम्ही कवळी करून द्यायची. बाबांनी हा धंदा खालच्या या दोन खोल्यांत उभा केला, वरच्या खोलीत बाबा आणि मी राहतो. आता दादाने दात कोरणारं मशीन घेतलंय आणि ते आमच्या दारातून आत शिरत नाही. म्हणून आपण बाहेर पडायचं. नव्या जागेत एसी आहे, लिफ्ट आहे. माझं टेबल खिडकीशी येईल. असं कोणी म्हटलेलं नाही, पण मेणाच्या कामाला उजेड लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

संकल्प: एकही वस्तू हरवू द्यायची नाही. आवाज चढवायचा नाही. नखं खायची नाहीत.

शुक्रवार, ६ मार्च

तीन मूव्हर्स येऊन बघून गेले. पहिला उंबऱ्यातूनच म्हणाला, झालं बघून. नापास. दुसऱ्याने कपाटातला प्लास्टरचा जबडा उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि साथीदाराला हसवलं. नापास. तिसऱ्याने फक्त विचारलं, ताई, यातलं जाणार काय आणि राहणार काय? पास. हा त्या कंपनीचा सुपरवायझर. जाडजूड, तोंडात सतत बडीशेप, हाताखालच्यांवर खेकसतो, माझ्याशी नीट बोलतो.

त्याच्यासाठी मी स्टिकरची पद्धत काढली. हिरवा म्हणजे नव्या जागेत. लाल म्हणजे इथेच, भंगारात. आणि कबूल करून घेतलं की लाल लागलेलं हलवायचं नाही म्हणजे नाही, कोणी रडलं, पाया पडलं तरी. कारण बाबा. ते ऐन वेळी एखाद्या मोडक्या स्टुलाला धरून बसतील. तो म्हणाला, ताई, इतकं स्पष्ट आजवर कोणी सांगितलं नव्हतं. हे वहिनीच्या कानावर पडायला हवं होतं, पण ती फोनवर पडदे निवडत होती.

नखं: फक्त करंगळी.

सोमवार, ९ मार्च

स्टिकर लावायला घेतले तर वहिनी म्हणाली, वन्सं, तुम्ही कशाला वाकताय, द्या इकडे. ती मला वन्सं आणि तुम्ही म्हणते ते काही हवं असलं की. दोन्ही रोल देऊन टाकले. मागे मी लिहिलं होतं की वहिनी आळशी आहे. दुरुस्ती: आळशी नाही, तिला कोणीतरी कामाला लावावं लागतं.

टेबलासाठी माप घ्यायला नव्या जागेत येऊ का, असं दादाला विचारलं. म्हणाला, आत्ता नको गं, रंगाचा वास आहे, तुला शिंका येतात. मला येत नाहीत. बाबांना येतात, आणि ते दोनदा जाऊन आले. दादाच्या डोक्याला किती ताप असतो, माणसांची अदलाबदल होणारच. काळजी करतो हे महत्त्वाचं.

राहायचं कुठे तेही विचारलं. म्हणाला, बाबा माझ्याकडे, तुझं बघू. चला, ती चिंता मिटली.

जेवताना बाबा म्हणाले, जागा मस्त आहे. 'मस्त'ला शिट्टी वाजली. त्यांची कवळी मी केली आहे, आजवरचं माझं सगळ्यांत नाजूक काम. शिट्टीचा कवळीशी संबंध नाही, त्यांच्या हिरड्या आटल्यात. डॉक्टरांचं मत वेगळं आहे. पण डॉक्टर कवळ्या करत नाहीत.

बुधवार, ११ मार्च

माझ्या टेबलाला लाल स्टिकर!

हसले. खरंच हसले. वहिनीला रंग कळत नाहीत, ते पडदे बघितले तर कोणालाही पटेल. स्टिकर सोलला, गोंद स्पिरिटने पुसला, तिला जाऊन सांगितलं. अगं बाई, हो का? म्हणाली. बस्स.

दुपारी परत लाल. या वेळी दोन: एक टेबलाला, एक माझ्या खुर्चीला.

दादाकडे गेले. तो मशीनवाल्याशी फोनवर होता. त्याने हातानेच थांब म्हटलं. थांबले. मग हातानेच जा म्हटलं. आले. शिफ्टिंगच्या धामधुमीत घरात कुरबुर नको. शुक्रवारी निवांत बोलेन.

उजव्या हाताची नखं संपली. डावा शाबूत.

शुक्रवार, १३ मार्च

बोलणं राहिलं, कारण भयंकर प्रकार झाला. मूव्हर्सची माणसं पॅकिंगला आली होती. आमच्याकडे जुन्या पेशंटचे प्लास्टरचे जबडे आहेत, कपाटंच्या कपाटं भरून. ज्याचा वरचा त्याचा खालचा, रबरबँडने बांधलेले. या शहाण्यांनी रबरबँड काढले आणि सगळे वरचे एका बाजूच्या खोक्यांत, सगळे खालचे दुसऱ्या बाजूच्या. सुपरवायझर म्हणाला, एका घाटाचं एकत्र चांगलं बसतं ताई, कप एकीकडे, बश्या एकीकडे. मी म्हटलं, तुमचा खालचा जबडा काढून या माणसाला दिला तर चालेल का? तो माणूस म्हणाला, नको, त्याला दिवसभर ओरडायची सवय आहे. सगळे हसले. सुपरवायझर हसला नाही. त्याला माझा मुद्दा पोचला.

मग माझ्या लक्षात आलं की हे तर बरंच झालं! नुसत्या नजरेने जबडे जुळवणारं माणूस या लॅबमध्ये एकच. बाबांना आता बारीक दिसत नाही, दादाला कधी जमलं नाही, मशीनचा प्रश्नच नाही. दादाला म्हटलं, काळजी करू नकोस, मी सगळे जुळवते. दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनीने छताकडे. मग तो म्हणाला, हो, हो, बस तू. सावकाश कर. नीट कर.

नीट कर! एवढ्या विश्वासाने तो मशीनशीही बोलत नाही.

शनिवार, १४ मार्च

दिवसभर जमिनीवर. वरचा घ्यायचा, खालचा लावायचा, चावा बसला की बांधायचा. शाळेतल्या बाई लगेच सापडल्या, त्यांचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दाताला दोरा तोडून तोडून खाच पडलेली, तोही सापडला. त्याला आधी एका वकिलाचा खालचा जबडा लावला होता. दोघांनाही सोसला नाही.

गुडघे सुजले. समाधान आहे.

संध्याकाळी बाबा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, बाळ, पुरे आता. मी म्हटलं, काम अर्धवट टाकायला तुम्ही कुठे शिकवलंत? ते वर गेले. डोळ्यांत पाणी होतं. अभिमानाचं. प्लास्टरची धूळही बरीच होती, त्यामुळे दोन्ही शक्यता नोंदवून ठेवते.

रविवार, १५ मार्च

शिफ्टिंग झालं. क्रमाने लिहिते.

जुळवलेल्या जबड्यांची खोकी मी दाराशी रचून ठेवली होती. सकाळी पाहते तर प्रत्येकावर लाल स्टिकर. सुपरवायझर खोकी ओलांडून आत आला. म्हटलं, ही आधी घ्या. म्हणाला, लाल आहे. म्हटलं, चुकून लागलंय. म्हणाला, असेल, पण लाल आहे. माझं टेबल? तेही लाल, ताई.

पुढचं लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच लिहायचं. मी त्याचा दंड धरला. रडले. पाया पडले नाही. तो बडीशेप चघळत म्हणाला, तुम्हीच सांगितलंत, कोणी रडलं तरी नाही. मागून त्याच्या माणसाने विचारलं, ताईंना कुठला लावायचा? या वेळी सुपरवायझरही हसला.

कंपनी मात्र उत्तम निवडली. दिल्या शब्दाला इतकं जागणारी माणसं कुठे मिळतात?

दादाला गाठलं. म्हणाला, अगं, ते जबडे केव्हाच स्कॅन झालेत, प्लास्टर कोण सांभाळतं हल्ली? मग मला जुळवत का बसवलंस? तर म्हणाला, तू कामात असलीस की बरं असतं. प्रेमाने म्हणाला. कुणाला बरं, ते विचारायचं सुचलं नाही.

गाडीत दादा, पुढे बाबा, मागे वहिनी आणि पडदे. पडद्यांना चुण्या पडल्या असत्या म्हणून मला जागा झाली नाही. दुसऱ्या फेरीला तुला नेतो, असं दादाने काच वर करता करता सांगितलं.

सोमवार, १६ मार्च

दुसरी फेरी झाली नाही. रस्त्यावर गर्दी असणार.

खालच्या खोल्यांत बोललं की आवाज घुमतो. माझं टेबल खिडकीशी ओढून पाहिलं. उजेड छान येतो. इतकी वर्षं कोणाला कसं सुचलं नाही?

बुधवार, १८ मार्च

दादाचा फोन आला. उद्घाटन काल उरकलं. फार कोणाला बोलावलं नाही म्हणाला, घरच्यांपुरतंच.

मग बाबा फोनवर आले. बाळ, सगळं व्यवस्थित झालं. मशीनने पहिली कवळी माझीच केली. मस्त बसली. 'सगळं', 'व्यवस्थित', 'मस्त', 'बसली'. एकदाही शिट्टी नाही. लाइन खराब असावी. जुनी कुठे आहे विचारलं. म्हणाले, होती बाई ग्लासात, तुझ्या वहिनीने ग्लास घासायला घेतला. मग मी काही बोलले नाही, आणि तेही बोलले नाहीत. लाइन चालू होती, त्यांचा श्वास ऐकू येत होता. म्हणजे खराब नव्हती. वरची नोंद चुकली.

दादाने पुढचं सगळं ठरवून दिलं आहे. शुक्रवारी भंगारवाला येईल. शनिवारी जागामालकाला किल्ली द्यायची, ती मीच, कारण शिफ्टिंग मी बघते. रविवारी मावशीकडे जायचं. ती अंथरुणाला खिळली आहे, कूस बदलायलाही माणूस लागतं. थोडेच दिवस, असं दादा म्हणाला. किती ते मावशीवर आहे.

पण आता गप्प बसायचं नाही. माझं टेबल मी भंगारात जाऊ देणार नाही. दादासमोर उभं राहून, आवाज न चढवता, विचारायचं: नव्या जागेत माझं टेबल कुठे? उद्याच गेले असते, पण तो अजून तिथे रुळतोय. शुक्रवारी भंगारवाल्यापाशी उभं राहावं लागेल, नाहीतर ते लोक टेबल फरपटत नेतात, पायांना ओरखडे पडतात. शनिवारी किल्ली, रविवारी मावशी.

ठरलं. सोमवार, २३ मार्च, सकाळी दहा वाजता.