शर्मिष्ठाची घटपर्णी आणि माझी देखरेख

४ मे, सकाळी ७
लेक शर्मिष्ठा फील्डवर्कला कोडाईकनालला गेली. तीन आठवडे. एमएस्सीच्या प्रोजेक्टची घटपर्णी माझ्या हवाली. पानांच्या टोकाला सुरया लटकतात, त्यात किडे पडून विरघळतात. सूचना: सावली, फक्त कॅनमधलं डिस्टिल्ड पाणी, खत नाही, खाऊ नाही. रेल्वेत पस्तीस वर्षं काढून मार्चमध्ये रिटायर झालो. एक कुंडी म्हणजे काय!

४ मे, सकाळी ११
पाच वेळा पाहून आलो. एकही किडा पडलेला नाही. झाड उपाशी आहे.

६ मे
प्रत्येक सुरईत एकेक सुकी कोळंबी सोडली. हा खाऊ नव्हे, औषध. अलकनंदा म्हणाली, पोरीनं नको सांगितलं होतं ना? तिला म्हटलं, पुस्तकी ज्ञान वेगळं.

९ मे
बाल्कनीत वास. शेजारचे राजगोपाल सर विचारून गेले, घरात काही मेलंय का. त्यांना झाडांतलं कळत नाही.

११ मे
इन्व्हर्टरचं पाणी कमी होतं. कॅन तिकडे रिकामे केले. कुंडीला बोअरचं पाणी. आपण तेच वापरतो, काही झालं नाही. (केस सोडले तर.)

१४ मे
दोन सुरया तपकिरी. ऊन कमी पडतंय. गच्चीवर नेली. इथले चेन्नईचे लोक या दिवसांतल्या उन्हाला कत्तिरी म्हणतात आणि उगाच घाबरतात.

१४ मे, दुपारी ३
खाली आणली.

१७ मे
शर्मिष्ठाचा मेसेज, फोटो पाठवा. पहिल्या दिवशीचा पाठवला. झाड तेच आहे, त्यामुळे खोटं नाही. जेवण गेलं नाही.

२० मे
चिमूटभर युरिया. उद्यापासून कुंडीला हात लावायचा नाही. ठाम.

२० मे, संध्याकाळी
आणखी चिमूटभर.

२३ मे
सगळी पानं काळी. पोरीचं वर्ष बुडणार. तीन नर्सऱ्या पालथ्या घातल्या. घटपर्णी कुठेच नाही. एकानं मनी प्लांट पुढे केला. क्षणभर तोच न्यावा असा विचार केला, हेही लिहून ठेवतो.

२६ मे
शर्मिष्ठा आली. चेन्नईच्या हवामानावर मी बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, बाबा, राहू द्या. फोटोत मागे रोज पान फाडायचं कॅलेंडर दिसत होतं, चार तारखेचं. मी प्रोजेक्टचं विचारलं. म्हणाली, प्रोजेक्टची झाडं कॉलेजच्या ग्रीनहाउसमध्ये आहेत, हे जास्तीचं होतं. मग मला कशाला दिलंस? ती आईकडे पाहू लागली. अलकनंदा भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होतात, म्हटलं काहीतरी द्यावं.

शर्मिष्ठानं कुंडी रिकामी करून धुतली.

दुपारपासून तीनदा बाल्कनीत जाऊन आलो. तिथे आता पाहायला काही नाही.