हवेतले धोके आणि माझी किल्ली

मु. पो. मूल, रविवारनंतरचा शुक्रवार

चि. नंदिनीस (वैमानिकाला चि. लिहावं की श्रीमती, हे ठरवण्यात एक कागद वाया गेला), धनराजमामाचा सप्रेम जय भीम. इकडे सर्व खुशाल, माझा उजवा गुडघा सोडून. त्याचा उल्लेख योग्य जागी येईल. तुझी तब्येत, जेवण आणि इंजिन ठीक असावं.

पत्रास कारण तुझी आई, म्हणजे माझी थोरली बहीण. येत्या गुरुवारी तू पहिल्यांदा एकटी विमान उडवणार हे कळल्यापासून सत्यशीलाबाईच्या घशाखाली भात उतरत नाही. मी राइस मिलच्या मोटारी दुरुस्त करायला स्वतःच्या डोक्याने शिकलेला माणूस (गुरू नाही, डिप्लोमा नाही, शॉक भरपूर), म्हणून तुला अडवणारं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. म्हटलं, नुसतं 'नको' लिहिणार नाही, पुराव्यानिशी लिहीन. नऊ दिवस मोबाइलवर परदेशातले आकडे वाचले. लोक चुकतात ते इथेच, मोठं प्रवासी विमान आणि खासगी छोटं विमान एकाच तराजूत घालतात. मोठं विमान कारपेक्षा कितीतरी सुरक्षित. छोटं मात्र तासाला तास धरून पाहिलं तर कारपेक्षा बरंच धोक्याचं. आलेखाच्या कागदावर तांबड्या शाईने रेघा मारल्या आणि रविवारी तुमच्या घरी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

तिथेच थांबलो असतो तर पत्र अर्ध्या पानात आटोपलं असतं. पण अर्धा आकडा सांगणं माझ्या स्वभावात नाही. कागदावर तिसरी रेघ होती, तीही वाचली: छोट्या विमानाचा धोका साधारण मोटारसायकलीएवढा. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, प्रभाव पडला. म्हणून स्थानिक पुरावा जोडायला माझी वही काढली. तिच्यात माझ्या सव्वीस वर्षांतल्या मोटारसायकलवरून पडण्याच्या तारीखवार नोंदी आहेत. रस्त्यावर वाळत घातलेल्या धानावरून घसरून, चार. रानडुक्कर, तीन (त्यातलं एक आडवं आलंच नव्हतं, मीच त्याच्याकडे बघत होतो). घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रकमागच्या धुळीत, दोन. पेट्रोल पंपावर, उभ्या गाडीवरून, ओळखीच्या माणसांदेखत, एक. एकूण दहा. हेल्मेट दहाही वेळा पेट्रोलच्या टाकीवर होतं. त्याला ओरखडा नाही.

बाईने वही घेतली, शेवटचं पान पाहिलं (धान, त्याच्या आधीचा मंगळवार, गुडघा) आणि हात पुढे केला.

"धन्या, किल्ली दे."

मी म्हटलं, बाई, विषय विमानाचा चालू आहे.

"तूच तं म्हनला दोनी सारखेच हायेत. मंग पोरीले अडवतं अन् तू काऊन फिरून राह्यला?"

किल्ली तांदळाच्या डब्यात गेली. तेव्हापासून मी मिलमध्ये सायकलने जातो (वहीत अकरावी नोंद, बांधावरून, चिखल मऊ होता). तरी सोपवलेलं काम पार पाडतो: पोरी, उडू नकोस.

तुझा,
धनराजमामा

ता. क. – वरचं सगळं बाईला दाखवायला लिहिलं. खरं काम असं की तू तिला फोन करून विमान अगदी निर्धोक असतं हे पटवून दे. दोन्ही धोके सारखे, तेव्हा तू सुटलीस की मीही सुटतो. आकड्यांच्या भानगडीत पडू नकोस. त्याचे परिणाम मी पाहिले आहेत.

ता. क. दुसरा – मी डिंक आणायला उठलो तेवढ्यात बाई आली आणि तिने पत्र वाचलं, पहिल्या ता. क.सकट. कागदाची नीट घडी घातली. मग विचारलं, वर जायच्या आधी नंदिनी काय करते? मला माहिती असल्याने सविस्तर सांगितलं: यादी हातात धरून विमानाभोवती फिरते, एकेक भाग चाचपते, टाकीतलं इंधन स्वतः पाहते, हवा बिघडली तर जातच नाही, उतरली की घरी फोन करते.

"अन् तू?"

खोटं मला जमत नाही. किक मारतो, म्हटलं.

बाई डोळ्यांना पदर लावून हसली. नंतर दोन वेळा भात मागून घेतला आणि हात धुताना म्हणाली, "जिच्यापाशी यादी हाये तिले जाऊ दे."

तेव्हा गुरुवारी जा, उतरलीस की आधी तिला फोन कर, आणि ती यादी मला पाठव. पंखांच्या ओळी मी स्वतः गाळीन.